चुन्याच्या डबीतून आलेला

ओगलेवाडीच्या सॉ मिलमध्ये मला बोलावतात
ते लाकडासाठी नाही, भुशासाठी.
वालजीभाई चिमटीत धरून फुंकर घालतात,
मैद्यासारखा उडाला की कपाळाला हात.
मी म्हणते, थांबा. भुसा चहाडी करतो,
साक्ष किड्याचीच घ्यावी लागते.

तात्याबा येडगे साक्षीदार आणतो
चुन्याच्या डबीत.
सहाही पाय वर, मिशांना चुना.
मिशीची पेरं मोजल्याशिवाय माझं पान हलत नाही
आणि हा तर नुकताच रंगवलेल्या भिंतीतून आल्यासारखा.
स्पिरिटच्या दोन थेंबांत त्याला अंघोळ घालते,
झिरो नंबरच्या ब्रशनं पाठ चोळते, तेवढ्यात
करवत थांबते, चहा येतो,
मुनीमजी विचारतात,
"बाई, तुम्ही मूळच्या कुठल्या?"
"वाठारच्या."
"नाही, म्हणजे... वाठारात कुठं?"

हा प्रश्न मी चालीवरून ओळखते.
आधी गाव पोखरतो, मग आळी,
मग आडनावाशी येऊन बसतो.

मी भिंग डोळ्याला लावते.

डोकं वरून दिसतंय? अंग चपटं?
मिशीच्या टोकाला दोनच मणी?
तर लिक्टस. तो पांढऱ्या लाकडावर जगतो,
गाभ्याला शिवत नाही.
अंग सळईसारखं, डोकं तेवढंच रुंद,
पावलाचं पहिलं पेर बाकीच्या सगळ्यांहून लांब,
तो प्लॅटिपस. लाकूड कोरतो पण खात नाही,
बोगद्यात बुरशी लावतो, तिचं पीक काढतो.
ओल्या ओंडक्यावरचं काळ्या कडेचं टाचणीएवढं भोक त्याचं.
आणि मिशा अंगाहून लांब, डोळा मिशीच्या बुडाशी
चावा घेतलेल्या भाकरीसारखा, तर शिंगाळ्यांपैकी कोणीतरी.
गेल्या साली आंब्याच्या खोडातून बॅटोसेरा निघाला,
मानेवर नारिंगी ठिपक्यांची जोडी.
धरला तर किरकिर करून भांडला माझ्याशी,
मला तो आवडला होता.

हा त्यातला नाही.
ह्याचं डोकं खाली, टोपरं पुढं ओढलेलं,
टोपऱ्यावर किसणीचे दात.
मिशीला तीन पाती, एकाच बाजूला.
आणि मागं पंखांची कवचं जिथं
पटाशीनं तासल्यासारखी एकदम उतरतात
तिथं... अजून चुना अडकलाय...

"दोन काटं हैत," तात्याबा म्हणाला.

त्याच्याकडे भिंग नव्हतं. अंगठा फिरवला होता नुसता.
पस्तीस वर्षं फळ्या हाताळलेला अंगठा,
अर्धं नख पट्ट्यात गेलेला.

दोनच होते. पाठीच्या शिवणीला
ह्या अंगाला एक, त्या अंगाला एक.
सायनोझायलॉन, मी म्हणाले.
त्यानं तो शब्द तंबाखूसारखा गालात धरला
आणि पुन्हा बाहेर काढला नाही.
"आमी ह्याला दोनकाट्या म्हंतो."
कधीपासून?
"आत्तापास्नं."

माझ्या वहीत रकाने आहेत.
लाकूड: शिरीष. भोक: गोल, अडीच मिलिमीटर.
प्रजाती: सायनोझायलॉन. कंसात, पेन्सिलीनं, दोनकाट्या.
पुढचा रकाना मोकळा.
मुनीमजी चष्मा सारून वाकतात:
"जात राहिली, बाई."
"तिथवर माझं भिंग पोचत नाही.
पुण्याला पाठवावं लागतं, तिथं पोट फाडून बघतात."
"ती कळली तर औषध बदलेल?" वालजीभाईंनी विचारलं.
नाही, म्हटलं.
"पछी? राहू द्या ना मोकळी."

मुनीमजी कपातल्या सायीकडे बघत राहिले.
बाहेर शिरसाच्या फळ्या उन्हाला उभ्या करायच्या होत्या,
कोणी उठेना.

"डबी द्या की बाई," तात्याबा म्हणाला,
"तलप आलीया."